अकीकाचा बैल मान फिरवतो

१

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, कुंताबाईनं देवघरातलं कपाट उघडलं, तर बैल चुकीच्या अंगाला जुंपलेला.

बैल म्हणजे वितभर. मधाच्या रंगाच्या अकीकातून हातानं कोरलेला. त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीचा सागवानी बैल आणि दोघांच्या मानेवर बोटाच्या जाडीचं लाकडी जू. वडनेरच्या त्या घरात ही जोडी वर्षभर कुलपात असायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाहेर निघायची आणि दुसऱ्या दिवशी अकीकाचा बैल घरच्या जित्या बैलांच्या पुढं, हातातल्या ताटात बसून गावच्या तोरणाखाली जायचा; मगच तोरण तुटायचं आणि पोळा फुटायचा. गावात पहिला मान त्याचा.

त्याची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक. निदान सगळे तसं सांगत. कुंताबाईच्या आजेसासऱ्याची बैलजोडी गिरडच्या टेकडीला चालली होती. पायथ्याशी डावा बैल जुवातच बसला, तो उठला नाही. बसताना त्यानं मान वळवली ती उजवीकडे, आपल्या जोडीदाराकडे. आजेसासऱ्यानं तिथल्याच नाल्यातला अकीक उचलला आणि टेकडीखाली मणी घासणाऱ्या एका कारागिराकडून तो बैल तसाच्या तसा घडवून घेतला, मान वळवलेला. मेला तरी जुवातून सुटला नाही, असा त्याचा अर्थ. घर जोडीनं ओढायचं असतं, आणि जोडीतलं एक गेलं तरी त्याची नजर दुसऱ्यावर असते, असाही. अण्णाजी, म्हणजे कुंताबाईचा नवरा, गेल्यापासून हा दुसरा अर्थ ती कोणाजवळ बोलत नसे. पण कपाटाची चावी तिनं कमरेच्या छल्ल्यातून कधी काढून ठेवली नव्हती.

आणि आज डावा बैल उजवीकडे उभा होता.

तिनं जू काढलं. हाकणारा बसतो तशी ती दोघांच्या मागं बसली, आणि अकीकाचा बैल उचलून त्याच्या जागी डावीकडे ठेवला. ठेवला मात्र, हात तिथंच थांबला. बैलाचं तोंड बाहेर होतं. भिंतीकडे. जोडीदाराकडे त्यानं पाठ फिरवली होती.

"हा आपला बैल नाई," ती म्हणाली.

मागं सगळं घर उभं होतं. थोरला चंद्रभान, वांगी-टमाट्याची वाडी करणारा, अजून बैलानं डवरे हाकून पिकातलं तण काढणारा. त्याची बायको छाया. धाकटा माधव, वर्ध्याला ऑफिसात बाबू, सणापुरता कार घेऊन येणारा. आणि त्याची बायको शरयू, पुण्याकडची मास्तरीण. बोलायला साखर, पण साखरेत मुंग्या फार.

"माय, असं काय म्हणून राह्यली तू," माधव म्हणाला. "त्याले उजवीकडंच राहू दे ना. तिकडून पाहते तो जोडीकडं बराबर."

"तो डावा हाय."

"डोळ्याचं ऑपरेशन झालं तुहं वैशाखात. डॉक्टरनं सांगतलंच व्हतं, या वयात इकडचं तिकडं होते म्हणून."

"डोळे कापले माहे. डोस्कं नाई कापलं."

"मूर्तीच आहे ना ती, आत्याबाई," शरयू म्हणाली. "उगाच सणासुदीला कशाला."

"तू तं बोलूच नको. मूर्ती अन् माणूस तुले दोन्ही सारखेच."

शरयूचा चेहरा विस्तवासारखा झाला. माधव थोरल्याकडे वळला. "दादा, मी कधीचा सांगून राह्यलो. चाव्या आता वहिनीकडं दे. ही आज बैल वळखत नाई, उद्या आपल्याले वळखनार नाई."

चंद्रभाननं खाली पाहिलं. तो नाही म्हणाला नाही, हेच कुंताबाईच्या काळजाला झोंबलं. तिनं कमरेचा छल्ला चाचपला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्या तोरण तुटाच्या आत आपला बैल कोनाजवळ हाय ते मी दाखवीन. नाई दाखवलं, तं हा छल्ला माह्याच हातानं सोडीन. मंग मले येडी म्हना, नाई तं खाटेले बांधून ठेवा."

कोणी हसलं नाही. खाटेला बांधायची तयारी अर्धी झालेलीच होती, असं तिला त्या चार तोंडांवर दिसलं.

२

पहिली गाठली छायाला. ती चुलीपाशी ताज्या लोण्यात हळद कालवत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचा खांद शेकतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं, पळसाच्या पानानं शेक द्यायचा आणि बैलाच्या कानात म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. त्या घरात खऱ्या बैलांबरोबर अकीकाच्या बैलाचाही खांद शेकला जाई.

"वाटीतलं सारं गोठ्यात ने," कुंताबाई म्हणाली. "नकली बैलाचा खांद मी शेकत नाई. अन् आता सांग, मी दवाखान्यात व्हती तवा घरात कोन आलतं?"

"म्हंजे माह्यावरच का?" छायानं कालवणं थांबवलं. "आत्याबाई, देवघर मी रोज झाडतो, कपाटाले कधी हात नाई लावला. चाव्या तुमच्याजवळ व्हत्या."

"दवाखान्यात छल्ला काढून घेतात. तो शरयूच्या पिशवीत व्हता. म्हणून इचारतो, कोन आलतं?"

"भाऊजी अन् शरयू आलते, तुमचे लुगडे न्यायले. मी वावरात वांगे तोडून राह्यलती. आली तवर ते गेलते." छायानं आवाज खाली केला. "शरयू म्हणेच मागं, असा खडा दुकानात पाह्यला तं बाई लोक खुळे होतीन."

ही माहिती होती की चहाडी, ते कुंताबाईनं तूर्त ठरवलं नाही. दोन्ही एकाच चुलीवर शिजतात.

गोठ्यात चंद्रभान बैलाच्या मानेला लोणी चोळत होता. बैल डोळे मिटून उभा. त्याच्यापेक्षा मालकाचाच चेहरा जास्त दुखावलेला.

"तुले बी वाटते माय चळली म्हणून?"

"मले काई वाटत नाई. वर्षातून एकदा पाहतो आपण त्याले, माय. त्यातबी झूल असते, बाशिंग असते. तोंड कुठं व्हतं ते मले आठवत नाई, खरं सांगतो."

"पन कोन्या अंगाले व्हता, ते?"

"डाव्या. त्यात काय इचाराचं?" त्यानं न पाहताच हातानं दाखवलं. "बैलाचं अंग बदलत नाई. उजव्याचा डावा केला तं सरळ तास नाई काढत तो."

"मंग माधव काऊन म्हणला, उजवीकडं राहू दे म्हणून?"

चंद्रभान थबकला. मग मान हलवून पुन्हा चोळू लागला. "त्यानं कवा जू धरलं? चौथीतच मामाकडं गेलता शिकाले."

फाटकापाशी बंडूजी उभाच होता, उद्याच्या तोरणाची विचारपूस करायला आल्यासारखा. त्याची जोडी दर पोळ्याला दुसरी उभी राहते, आणि त्याच्या घराण्याच्या पोटात पिढ्यानपिढ्या दुखतं.

"कुंताबाई, तब्येत बरी हाय ना? आयकलं, मन ठिकाणावर नसते म्हणून. यंदा मान आमाले द्यायचा असन तं सांगा, लाजू नका."

"कोन म्हणे, मन ठिकाणावर नसते?"

"तुमच्याच घरून समजलं. आम्ही कशाले म्हणू?"

तो गेला. कुंताबाई फाटकाशी उभी राहिली. बैल बदललेला आज कळला आणि ती चळल्याची बातमी गावात आधीच पोचली. म्हणजे बातमी बैलाच्याही आधी निघाली होती. तिच्या पाठीमागं कोणीतरी खड्डा आधी खणून ठेवला होता, आणि मग तिला चालायला सांगितलं होतं.

३

जेवणं झाल्याबरोबर माधवनं सगळ्यांना पडवीत बोलावलं. त्याच्या हातात मोबाइल होता.

"माय, आता तूच पाहाय. मागच्या पोळ्याचा फोटो हाय. पाटावर जोडी, मागं तू बसली हाय, समोर शरयू. पाहाय बैलाचं तोंड."

फोटो हातोहात फिरला. चंद्रभाननं पाहिला, छायानं पाहिला. मग तो तिच्यापाशी आला. शरयूचं तोंड मोठं, मागं पाट, पाटामागं कुंताबाई बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावत असलेली, तिच्यामागं उघडं कपाट. आणि बैलाचं तोंड अगदी आजच्या बैलासारखं. देवघरातून आणून पाटावर ठेवलेल्या बैलाशी ताडून पाहावं तर कानाचा, शिंगाचा, वशिंडाचाही फरक नाही.

"तसाच हाय तो," छाया हळूच म्हणाली.

"तसाच हाय, माय," चंद्रभान म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, ते तिला जास्त लागलं. पोराला आई वेडी निघालेली परवडली, घरात चोर निघालेला नको होता.

"झालं?" माधव म्हणाला. "आता छल्ला उद्यापर्यंत कशाले ठेवतं? देऊन टाक वहिनीले."

क्षणभर कुंताबाईचा स्वतःवरचाच विश्वास ढळला. डोळ्यातला मोतीबिंदू काढताना कोणी आतलं चित्रही पुसून टाकलं की काय. तिला अक्षरं लावून लावून वाचता यायची, पण चित्र वाचायला तिला शाळा लागली नव्हती. तिनं मोबाइल परत केला नाही. स्वतःच्याच छबीकडे पाहत राहिली. ती बाई कुंताबाईसारखी होती, लुगडं तेच, कपाळ तेच. तरी त्या बाईत काहीतरी अवलक्षणी होतं.

मग तिला ते दिसलं.

"चंद्रभान, मी देवाले कोन्या हातानं लावतो?"

"उजव्या. दुसऱ्या कोन्या लावतीन?"

"मंग हे बाई डाव्या हातानं काऊन लावून राह्यली?"

सगळे वाकले. फोटोतल्या कुंताबाईचा डावा हात बैलाच्या खांद्यावर होता. उजवा मांडीवर पडलेला.

"फोटो हाय, माय, त्यात हात का पाहतं," माधव म्हणाला.

"सासू मेली माही, पन मेल्यावरबी येऊन कान पिरगाळन, मी देवाले डावा हात लावला तं. चंद्रभान, आत जाय. कपाटाची कडी कोन्या बाजूले हाय, पाहून ये."

तो गेला, आणि लगेच दारात परत आला. "कडी उजवीकडं हाय. फोटोत डावीकडं."

"फोटो उलटा हाय," कुंताबाई म्हणाली. "आरशात दिसते तसा. हात उलटा, कडी उलटी, अन् बैलाचं तोंडबी उलटं. म्हंजे आपला खरा बैल उजवीकडंच पाहत व्हता, जोडीकडं. अन् हा जो पाटावर बसला हाय, तो हुबेहूब या उलट्या फोटोसारखा. ज्यानं घडवला त्यानं आपला बैल कधी पाह्यलाच नाई. त्यानं हा फोटो पाह्यला, अन् तसा कोरला."

तिनं मोबाइल माधवच्या हातात दिला.

"फोटो कोनं काढला हा?"

सगळ्यांच्या माना शरयूकडे वळल्या.

४

शरयूनं नाकारलं नाही. "मीच काढला. पुढच्या कॅमेऱ्यानं काढला की माझ्या मोबाइलमध्ये उलटाच राहतो तो. त्या दिवशी बरेच काढले, समोरून, बाजूनं. काढले म्हणजे चोरी केली का?"

"कोनाले पाठवले?"

"कोणालाच नाही. माझा चेहरा सुजलेला आला होता त्यात." एवढं बोलून ती एकदम गप्प झाली. माधवच्या हातातल्या मोबाइलकडे तिनं पाहिलं, मग दुसरीकडे. ओठ असे मिटले की पुन्हा उघडलेच नाहीत.

कुंताबाईला ती चुप्पी पुरेशी वाटली. सून लग्न होऊन आली त्या दिवसापासून दोघींची तोंडं एकमेकींकडे नीट झाली नव्हती. पाटावर बसताना शरयूनं पाय कसे ठेवले इथपासून कुंताबाईचा हिशेब सुरू होता.

कुंताबाई शरयूच्या मागोमाग आतल्या खोलीत गेली. "चाव्या तुह्या पिशवीत. फोटो तुह्या मोबाइलात. दुकानातला खडा तुह्या तोंडात. आता बैल कुठं हाय ते सांगतं, का बंडूजीले बोलावू?"

"बोलवा." शरयू साडीची घडी घालत होती, ती घालतच राहिली. "एवढी वर्षं झाली, आत्याबाई. तुम्ही त्या बैलाची गोष्ट सांगायच्या तेव्हा मी आत पुरण वाटत असायची. एकदाही म्हणाला नाहीत, ये, तूही बस. तो कुठल्या बाजूला उभा असतो, कुणाकडे बघतो, मला कसं कळणार? आणि ज्याचं मला काही नाही, ते मी कशाला चोरू?"

"तोंड चालते तुहं."

"तुमच्याच घरात शिकले."

कुंताबाई फणकाऱ्यानं बाहेर आली. पण जिन्याशी येऊन थांबली. राग खरा होता, तरी त्या बोलण्यातला एक खडा दाताखाली आला होता.

बैलाला उजवीकडे कोणी ठेवलं असेल? नकली बैल कपाटात ठेवताना ज्याच्या लक्षात आलं की तोंड उलटं झालंय, त्यानं. त्याला ठाऊक होतं की बैलानं जोडीकडे पाहिलं पाहिजे. म्हणून त्यानं जागा बदलली. पण जुवातला डावा बैल उजवीकडे जात नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे त्यानं गोष्ट ऐकली होती, पण जू कधी धरलं नव्हतं. चंद्रभानला दोन्ही ठाऊक. छाया त्याच्या मागं पेरणीला चालणारी, तिलाही. शरयूला दोन्ही ठाऊक नाही, जर ती खरं बोलत असेल तर.

मग अर्धंच ठाऊक असलेला एकच राहत होता, आणि त्याचं नाव घ्यायला कुंताबाईची जीभ तयार नव्हती. तिनं त्याला नऊ महिने वाहिलं होतं. अंदाजावर पोराला चोर म्हणणारी ती बाई नव्हती. तिला बैल पाहिजे होता, हातात.

५

पोळ्याची सकाळ. बैल धुवून, शिंगं रंगवून आवारात उभे. माधवची कार फाटकाच्या आत. कुंताबाई तिच्याभोवती फिरत होती, गाईचं शेण कुठं पडलंय पाहत असल्यासारखी.

रात्रभर तिनं एकच गोष्ट उलटीपालटी केली होती. विकायला नेला असता तर बैल केव्हाच गेला असता, आणि त्याच्या जागी दुसरा बसवायची तसदी कोणी घेतली नसती. ज्यानं नेला त्याला तो बैल म्हणूनच पाहिजे होता. त्याचा मान पाहिजे होता. आणि ज्याला मान पाहिजे, त्याला भीतीही असणार. वर्षभर जू ओढणाऱ्याचा खांद आदल्या दिवशी शेकला नाही तर घर बसतं, हे त्या घरातल्या पोरांना दुधाबरोबर पाजलेलं. काल तिनं छायाला मुद्दाम मोठ्यानं, सगळ्यांच्या कानावर जाईल असं सांगितलं होतं की ती नकली बैलाचा खांद शेकणार नाही. चोरानं बैल तर नेला, पण त्याला उपाशी, बिनआवतणाचा ठेवायची छाती त्याला झाली असेल का? आणि काल घरचे सगळे इथंच होते, म्हणजे बैलही इथंच असणार.

कारच्या डिकीपाशी ती वाकली. डिकी उघडायला बोटं घालतात त्या खाचेत, खालच्या अंगाला, पिवळं होतं. तिनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं. हळद. आणि ताजं लोणी.

ती सरळ झाली. कंबर दुखली, तिकडं तिनं लक्ष दिलं नाही. या कारच्या चाव्या दोन. एक माधवजवळ, एक शरयूजवळ.

तिनं सगळ्यांना देवघरात हाक मारली. पाट मांडला. पाटावर दोन्ही बैल आडवे, जू बाजूला.

"पूजेआधी जोडी लावाची हाय. शरयू, तू लाव."

"मी?"

"मास्तरीण हाय ना तू. लाव."

शरयूनं बैल उचलले. इकडंतिकडं पाहिलं, आणि एकामागं एक उभे केले, पुढं सागवानी, मागं अकीकाचा.

छाया फिसकन हसली. "वो बाई, हे का शाळेची रांग हाय?"

"मला कोणी सांगितलंय का कधी?" शरयू म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. असा चेहरा नाटक करून आणता येत नाही, हे कुंताबाईला पटलं आणि त्याचा तिला रागही आला.

"चंद्रभान, तू."

चंद्रभाननं न पाहता अकीकाचा बैल डावीकडे ठेवला, सागवानी उजवीकडे, वर जू टेकवलं. मग त्यानं पाहिलं. "माय," तो म्हणाला, "हा तं भिताडाकडं पाहून राह्यला."

"तेच मी काल सांगून राह्यलती." कुंताबाई धाकट्याकडे वळली. "माधव, आता तू लाव."

माधवनं हात पुढं केला नाही. "मी काऊन? हा काय पोरखेळ लावला तू?"

"लावू नको. काल लावून झाली तुही. उजवीकडं राहू दे म्हणला, तिकडून जोडीकडं पाहते म्हणला. गोष्ट पाठ हाय तुले, पन जू नाई माहीत. कपाटात जोडी ज्यानं लावली, त्यालेबी गोष्ट पाठ व्हती अन् जू माहीत नव्हतं."

"फोटो शरयूनं काढले. चाव्या शरयूजवळ व्हत्या."

तेव्हा शरयू बोलली. तिनं नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "काल तो फोटो तुम्ही तुमच्या मोबाइलमध्ये दाखवलात. मी तो तुम्हाला कधीच पाठवला नव्हता. मी झोपल्यावर माझ्या मोबाइलमधून घेतला असणार तुम्ही. काल मी गप्प बसले. वाटलं, घरी जाऊन विचारीन. आणि आत्ता तुम्ही माझंच नाव घेतलंत."

"डिकी उघड, माधव," कुंताबाई म्हणाली.

६

डिकीत, जादाच्या चाकामागं, त्याच्याच जुन्या शर्टात गुंडाळलेला बैल निघाला. मधाच्या रंगाचा, मान उजवीकडे वळवलेली. खांद्यावर हळद-लोणी चोळलेलं, वर पळसाचं पान. चोरानं आवतण दिलं होतं.

चंद्रभाननं बैल हाकायची तुतारी उचलली.

"ठेव ते," कुंताबाई म्हणाली. "आजच्या दिवशी बैलालेबी कोनी मारत नाई."

माधव कारला टेकून उभा होता. आधी गोरामोरा झाला, मग त्याची जीभ सुटली. "काय चुकलं माहं? वावर दादाकडं. घर दादाकडं. तोरणाखाली ताट दादाच्या हाती. मी मागं मागं, पाव्हण्यासारखा. मले काय देल्लं तुमी? शिकवलं म्हणता. शिकवलं का घरातून काढलं? बैल नेला मी. जैपुराकडं फोटो धाडून दुसरा करून घेतला. जोडीबरोबर ठेवताना तोंड उलटं दिसलं, तं अंग बदललं. पोळ्याले खांद याच घरच्या लोण्यानं शेकाचा म्हणून संगं आणला. माह्या देव्हाऱ्यात असता तं काय बिघडत व्हतं तुमचं?"

"मागितला का कधी?" कुंताबाईनं विचारलं.

त्यानं हातातला जुना शर्ट डिकीत फेकला.

"मागितला असता तं मी नाईच म्हणली असती. पन भांडण झालं असतं, चोरी नाई. अन् नेला तं नेला. त्याच्यावर झाकण म्हणून मायले येडी ठरवाले निघाला तू. बंडूजीच्या कानात कवा सांगतलं?"

"आलो तवाच," माधव जमिनीकडे पाहत म्हणाला. "वाटलं, तुह्या ध्यानात आलं तं..."

"तं कोनी आयकाचं नाई माहं. चांगला इचार केला. ऑफिसात शिकवते वाटते हे."

शरयू बैल न्याहाळत उभी होती. कुंताबाईनं तिच्याकडे मान केली. "तुह्यावर घेतला मी संशय. घेतला तं घेतला. तू वागतंच तशी."

"आणि तुम्ही?"

"मीबी," कुंताबाई म्हणाली, आणि विषय तिथंच संपवला.

वाजंत्री वाजू लागली होती. गावातल्या जोड्या तोरणाकडे निघाल्या. चंद्रभाननं आईला बाजूला घेतलं. त्याचा आवाज मेणासारखा झाला होता. "माय, एक आयकजो. लोकाईले काई सांगू नको. बैल कपाटातच व्हता, मागं सरकला व्हता, म्हणून सांगू. घराची अब्रू हाय. सोयरे हायेत. माधव नोकरीवाला माणूस हाय."

"हौ आत्याबाई," छाया म्हणाली. "झाकली मूठ राहू द्या."

कुंताबाईनं दोघांकडे पाहिलं. या घराच्या अब्रूसाठी ती जन्मभर भांडली होती. सासऱ्याशी, दिराशी, अख्ख्या गावाशी. उंबऱ्याबाहेर घरातली एक शिवी तिनं जाऊ दिली नव्हती.

"कपाटात व्हता म्हणलं," ती सावकाश म्हणाली, "तं मी येडी."

चंद्रभाननं बैलाच्या झुलीची गाठ पुन्हा आवळली.

"तुले ते चालते का?"

त्यानं डोळे पुसले. कुंताबाईनं अकीकाचा बैल ताटात ठेवला, ताट स्वतःच्या हातात घेतलं. थोरल्याला दिलं नाही, दरवर्षी देते तसं.

तोरणाखाली जोड्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. झडत्यांची गाणी थांबली. सगळं गाव कुंताबाईच्या ताटाकडे आणि तोंडाकडे आळीपाळीनं पाहत होतं. बातमी पोचवायला गावाला माणूस लागत नाही. बंडूजी आपल्या बैलांच्या पुढं, एक पाऊल जास्तच पुढं, उभा होता.

"आले का कुंताबाई," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "सापडला म्हणते बैल?"

"सापडला."

"मंग हरवला व्हता का? का तुमालेच तसं वाटलं?"

मागं चंद्रभान बैलांचे कासरे धरून उभा होता. त्याच्या मागं शरयू उभी होती. माधव कारपाशीच थांबला होता, फाटकाच्या आत, पण तिथून आवाज ऐकू येण्याइतकं गाव लहान होतं.

"चोरीले गेलता," कुंताबाई म्हणाली.

"बाप रे. कोनं नेलता?"

ताट जड झालं. तिनं ते छातीशी धरलं.

"माह्या पोरानं. धाकट्यानं. त्याच्याच गाडीत सापडला. अन् मी येडी झाली म्हणून तुले ज्यानं सांगतलं, तोबी तोच."

वाजंत्रीवाल्याचं हातातलं टिपरू खाली आलं. बंडूजीनं सकाळपासून घोळवून ठेवलेला टोमणा त्याच्या तोंडातच राहिला. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या आणि मग पाहायचं टाळायला लागल्या. घर एका वाक्यात उघडं पडलं होतं, आणि ते तिनं स्वतः उघडलं होतं. आता हे गाव वर्षानुवर्षं चघळेल, हे तिला ठाऊक होतं. पण त्यात ती चळली होती, असं मात्र कोणी म्हणणार नव्हतं.

"आयकलं ना सगळ्याईनं?" ती म्हणाली. "मंग सरक बंडूजी. तुही जागा मागं हाय."

बंडूजी सरकला.